तीन परातींचा सिनेमा

सिनेमा चालणार की पडणार हे मी पडद्याकडे पाठ करून सांगते. तीस वर्षं सांगत आले. एकदाच चुकले, आणि ती चूक सांगायला म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या बाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "काकू, दिवाळी अंकासाठी तुमचं सिनेमा क्षेत्रातलं काम लिहून द्या." मी म्हटलं, मी समोसे तळले, तेवढंच माझं क्षेत्र. त्या म्हणाल्या, तेच लिहा. माझं शिक्षण चौथी. सुनेने शुद्धलेखन बघते म्हटलं, तिला मी म्हटलं, वेलांट्या बघ, बाकी कशाला हात लावू नकोस.

आमचं टॉकीज ग्वाल्हेरच्या लश्करमध्ये, महाराज बाड्यापासून चालत दहा मिनिटांवर. मालक आबासाहेब. त्यांच्या वडिलांनी बांधलं, त्यांनी चालवलं. माझे यजमान बिर्लानगरला गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते घरी बसून पत्ते पिसायला लागले आणि मी टॉकीजचं कँटीन घेतलं. जाऊबाई म्हणाल्या, "फौजेतल्या घराण्यातली बाई टॉकीजमध्ये समोसे विकणार?" मी म्हटलं, फौजेतल्या घराण्याला भूक लागत नाही का. त्यानंतर त्या दोन वर्षं बोलल्या नाहीत. ती दोन वर्षं बरी गेली.

आता धंदा सांगते, कारण बाहेरच्याला वाटतं समोसा तळला आणि विकला. तसं नाही. टॉकीजमध्ये गिऱ्हाईक सगळं एकदम येतं, इंटरव्हलला, आणि दहा मिनिटांत एकदम जातं. त्या दहा मिनिटांत समोसा गरम हवा. गरम हवा तर आधी वीस मिनिटं कढईत पडायला हवा. म्हणजे किती माणसं खाणार हे त्यांना भूक लागायच्या आधी मला कळायला हवं. कमी तळले तर लोक शिव्या देतात. जास्त तळले तर उरलेले मला घरी खावे लागतात.

पहिल्या वर्षी मी पोस्टर बघून तळत असे. पोस्टरवर हिरो, हातात बंदूक, मागे आग. मला वाटलं, आग आहे म्हणजे गर्दी आहे. बारा पराती तळल्या. माझ्या परातीत चाळीस समोसे बसतात. लोक इंटरव्हलच्या आधीच एकेक करून बाहेर आले, चहा प्यायले आणि घरी गेले. बाड्यावरच्या टांगेवाल्यांना त्या दिवशी मी फुकट जेवण घातलं. ते अजून आशीर्वाद देतात. मला आशीर्वाद नको होता, मला उरलेल्या नऊ पराती विकायच्या होत्या.

मग मी ऐकायला लागले. कँटीनची एक लहान खिडकी आत हॉलमध्ये उघडते. तिथून पडदा दिसत नाही, फक्त आवाज येतो. आमच्या खुर्च्या जुन्या, लोखंडी कडीच्या. माणूस जरा हलला की कडी कुरकुरते. सिनेमा चांगला असला की खुर्ची वाजत नाही, माणूस हलायचं विसरतो. वाईट असला की आधी एक वाजते, मग चार, मग सगळ्या, बेडूक ओरडल्यासारख्या. सिनेमा सुरू होऊन अर्धा तास झाला की मी खिडकी किलकिली करून कान लावायची. खुर्च्या गप्प असल्या की दहा पराती. थोड्या वाजल्या तर सहा. सगळ्या वाजल्या तर तीन. कंटाळलेला माणूस खात नाही, हे तुम्ही लिहून ठेवा. कंटाळलेला माणूस चहा पितो आणि दाराकडे बघतो. भूक लागते ती खूश माणसाला.

पुढे पुढे आबासाहेबच शुक्रवारी पहिल्या खेळाला खिडकीशी यायचे. "काकू, किती?" मी म्हणायची, "तीन." त्यांचा चेहरा पडायचा. तीन परातींचा सिनेमा दुसऱ्या आठवड्यात ठेवत नसत. हळूहळू शहरात हा शब्द झाला. सराफा बाजारातले लोक फोन करून विचारायचे, "अम्मा, कितनी परात की है?"

सगळ्यात जास्त फसवतात ते मारामारीचे सिनेमे. माझं मत विचाराल तर सांगते, न विचारलं तरी सांगते. पूर्वीचा हिरो मार खायचा. ओठातून रक्त यायचं, घरी यायचा, आई जेवायला वाढायची. पडद्यावर कोणी जेवलं की माझ्याकडे विक्री वाढत असे, हा माझा अनुभव आहे. आताचा हिरो जेवत नाही. तीन तासांत पाण्याचा घोट घेत नाही. विमानातून उडी मारतो, आगगाडीवर पडतो, आणि डोळ्यावरचा गॉगल हलत नाही. ज्याला काही होणारच नाही त्याची काळजी कोण करणार. काळजी नाही म्हणून खुर्ची वाजते. एवढं साधं आहे, पण कोट्यवधी रुपये घालणाऱ्यांना ते सुचत नाही, कारण त्यांना समोसे तळायचे नसतात.

आमच्याकडे एक सक्सेनाजी येत. सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, घरी सून आणि तिची दोन मुलं. ते फक्त मारामारीचे सिनेमे बघायचे. बघायचे म्हणजे शेवटच्या रांगेत झोपायचे. मी एकदा विचारलं, तिकीट काढून झोपता कशाला. म्हणाले, "बहनजी, घर में सन्नाटा नहीं मिलता, और यहाँ धमाकों में जो नींद आती है, वो कहीं नहीं आती." बॉम्ब फुटत असले की गाढ झोप. आवाज थांबला की दचकून उठायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता क्रिकेटचं सांगते. तुम्ही म्हणाल समोशात क्रिकेट कुठून आलं. ते टॉकीजच्या दारातूनच आलं.

दोन वर्षांपूर्वी शहरात एक लीग निघाली. टीव्हीवर मोठी असते तशी, आपली लहान. टीमची नावं सगळी वाघ-सिंहांची. मालक कोण, तर एक बिल्डर, एक कोचिंग क्लासवाला, एक सराफ, असे. खेळाडूंचा लिलाव आमच्या टॉकीजमध्ये झाला, कारण स्टेज आहे आणि खुर्च्या आहेत. चहा-समोसा माझा. त्यामुळे मी सगळं जवळून पाहिलं.

बैलाचा बाजार मी लहानपणी पाहिला आहे. तिथे घेणारा बैलाचे दात बघतो, पाठीवर हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो. इथे नुसता फोटो बघत होते. पडद्यावर फोटो आला की कोचिंगवाले हात वर करायचे. त्यांनी बाहेरगावचा एक फलंदाज घेतला, टीमचे बहुतेक सगळे पैसे त्याच्यावरच घातले. उरलेल्या दहाजणांना जे उरलं ते. सिटी सेंटरमध्ये होर्डिंग लागलं, त्यावर फलंदाजापेक्षा कोचिंगवाल्यांचा चेहरा मोठा. मग तो फलंदाज खेळायला उतरला आणि तीनदा शून्यावर आउट झाला. चौथ्यांदा पोट दुखतं म्हणाला. त्याचं पोट माझ्या समोशाने दुखलं अशी अफवा उठली होती. ती खोटी आहे. त्याने माझा समोसा खाल्लाच नव्हता, तो डाएटवर होता.

खेळाडूला किती मिळतात याचा मला राग नाही. देणारा देतो, घेणारा घेतो. मला राग येतो तो असा की एकाला सगळं आणि दहाजणांना टाळ्या. टीव्हीवरच्या मोठ्या लीगमध्ये तर काही कोटींना घेतलेला माणूस बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या नेतो, आणि पुढच्या वर्षी त्याला जास्त भाव. माझा न खपलेला समोसा दुसऱ्या दिवशी कुत्रं हुंगत नाही. शर्टावर इतक्या जाहिराती की खेळाडूचं नाव शोधावं लागतं. छातीवर सिमेंट, पाठीवर पानमसाला, बाहीवर कोचिंग. आमच्या लीगची ट्रॉफी माझ्या कँटीनमधल्या शकुनपेक्षा उंच होती. शकुन कढईवर असते, पंचवीस वर्षं माझ्याबरोबर आहे. ती ट्रॉफीशेजारी उभी राहून म्हणाली, "अम्मा, इतनी बड़ी बनाने में जो पीतल लगा, उसमें बच्चों के जूते आ जाते." कोचिंगवाल्यांच्या टीममधले तीन मुलगे एकाच जोडीतले बूट आळीपाळीने घालत होते. शकुनला कोणी समितीवर घेतलं नाही.

समोशाचं आणि टीमचं आणि सिनेमाचं गणित एकच आहे. वरची पारी कितीही कुरकुरीत करा, आत बटाटा नसेल तर गिऱ्हाईक दुसरा घास घेत नाही. एका हिरोवर सगळा पैसा आणि आत हवा.

त्या लीगमध्ये माइकवर होते तिवारीजी. शाळेतले खेळाचे मास्तर, रिटायर झालेले, बारीक अंगाचे, पण आवाज असा की ग्राउंडबाहेरच्या म्हशी वळून बघायच्या. हिंदीत धावतं वर्णन करायचे. लीग संपली, मालक लोकांनी फोटो काढले, आणि तिवारीजींची शेवटची किस्त, म्हणजे मानधनाचा हप्ता, आलीच नाही. रोज दुपारी माझ्याकडे चहाला येऊन तेच सांगायचे.

मी म्हटलं, "तिवारीजी, आधी पैसे घ्यायचे, मग टॉस करायचा."

ते म्हणाले, "भाभीजी, कला में ऐसा नहीं होता."

"मग कलेचाच चहा प्या," मी म्हटलं. तरी चहा दिला.

आता मुख्य गोष्ट.

मागच्या दिवाळीच्या आधी आबासाहेब माझ्याकडे आले आणि परातीशेजारी स्टुलावर बसले. ते कधी बसत नाहीत. म्हणाले, "काकू, एकजण टॉकीज मागतोय. पाडून मॅरेज गार्डन करणार आहे."

मी म्हटलं, "मग?"

"मी त्याला देवदिवाळीपर्यंत थांब म्हटलंय. दिवाळीला मोठा सिनेमा घेतलाय, मारामारीचा. नवीन साउंड बसवलाय त्यासाठी. दोन आठवडे चालला तर टॉकीज राहील. नाही चालला तर मी कागदावर सही करतो. माझ्यात आता जोर नाही."

टॉकीज गेलं तर शकुन आणि मी आणि भांडी घासणाऱ्या दोघी, चौघी घरी. मी घरी बसू शकते. शकुन बसू शकत नाही, तिच्या घरी बसणारा आधीच एक आहे.

मी विचारलं, "पोस्टरवर काय आहे?"

"आग," आबासाहेब म्हणाले.



शुक्रवारी पहिला खेळ. हॉल चांगला भरला. नवीन साउंड इतका मोठा की माझी बशांची चळत आपोआप सरकत होती. मी अर्ध्या तासाची वाट बघत होते, पण वीस मिनिटांतच त्या आवाजातून खुर्च्या ऐकू आल्या. बॉम्बच्या वरून ऐकू आल्या म्हणजे बघा. आबासाहेब खिडकीशी उभेच.

"काकू, दहा तळा."

"तीन," मी म्हटलं.

"आज पहिला दिवस आहे. दिवाळी आहे. दहा तळा."

"दिवाळी आहे म्हणून खुर्च्या खोटं बोलत नाहीत, आबासाहेब."

ते शकुनकडे वळले. "शकुन, दस डाल."

शकुन माझ्याकडे बघून म्हणाली, "साहब, कढ़ाई अम्मा की है."

तीन तळल्या. तिसऱ्या परातीतले सहा उरले. आबासाहेब त्या सहांकडे बघत राहिले आणि ऑफिसात गेले. मला कधी नव्हे ते बरोबर आल्याचं वाईट वाटलं.

शनिवारी अर्धा हॉल. रविवारी, जेव्हा उभं राहायला जागा नसावी तेव्हा, पाव हॉल. सोमवारी साठ-सत्तर माणसं. मॅरेज गार्डनवाला सोमवारी टेप घेऊन आला आणि पार्किंग मोजून गेला. माझ्या कँटीनच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "यहाँ जूते-चप्पल का स्टैंड आएगा."

मंगळवारी तीनचा खेळ. सत्तरेक माणसं, त्यात कॉलेजची पोरंच जास्त. तिवारीजींना आबासाहेबांनी पास दिला होता, ते मधल्या रांगेत. सक्सेनाजी शेवटच्या रांगेत, झोपेत. मी दीड परात तळायला सांगितली. पूर्ण दोन सांगायचा धीर झाला नाही.

इंटरव्हलच्या आधी मोठी मारामारी आहे. गोदाम, चाळीस गुंड आणि एकटा हिरो. मला आवाजावरून पाठ झाली होती. हिरोने पहिला ठोसा मारला आणि साउंड गेला. नवाकोरा साउंड, पूर्ण गप्प. पडद्यावर म्हणे माणसं उडत होती आणि हॉलमध्ये पंख्यांचा आवाज.

सक्सेनाजी दचकून उठले आणि त्या शांततेत मोठ्याने म्हणाले, "क्या हुआ? सब मर गए?"

पोरं हसली. शिट्ट्या झाल्या. मी खिडकीतून ओरडले, ऑपरेटरला सांगा. ऑपरेटर वरून ओरडला, मी बघतोय. तेवढ्यात मधल्या रांगेतून तो आवाज आला, म्हशी वळवणारा.

"नमस्कार दर्शकों. मैदान पर चालीस फ़ील्डर हैं, बल्लेबाज़ अकेला है, और अंपायर का कहीं पता नहीं."

हॉल हशाने फुटला. नंतर कळलं, तिवारीजी उभे राहिले होते, हाताची मूठ तोंडाशी, माइक धरल्यासारखी.

"पहला फ़ील्डर दौड़ता हुआ आया, और ये मारा, सीधा छत के पार, छह रन. दूसरा आया, वो भी गया. दर्शकों, ये टीम प्रैक्टिस करके नहीं आई है. एक-एक करके आउट होने आ रही है, बाक़ी अड़तीस खड़े देख रहे हैं. इनसे अच्छी फ़ील्डिंग तो हमारी लीग में थी, और वहाँ जूते तीन के बीच एक जोड़ी थे."

कोणीतरी ओरडलं, "गॉगल देखो, मास्साब."

"गॉगल पर मेरी नज़र है," तिवारीजी म्हणाले. "चार बम फूट चुके हैं. गॉगल अब भी नाबाद."

मग तर पोरांनी धरलंच. हिरो पडला की सगळे मिळून, "गॉगल?" आणि तिवारीजी, "नाबाद." एक गुंड खांबावर आपटून तसाच पडून राहिला. तिवारीजी म्हणाले, "ये खिलाड़ी उठ नहीं रहा, दर्शकों. चोट नहीं है. इसकी आख़िरी किस्त नहीं आई है."

मी खिडकीशी कान लावून होते आणि मला घाम फुटला. एकही खुर्ची वाजत नव्हती. तीस वर्षांत मी इतकी शांत खुर्ची ऐकली नव्हती. मला वाटलं लोक उठून गेले आणि नुसतं हसू मागे राहिलं. मग खेळ चालू असताना मी जे कधी केलं नाही ते केलं. झारा हातात तसाच घेऊन हॉलचं दार ढकललं आणि आत गेले. सगळे जागेवर. सत्तर माणसं खुर्चीच्या काठावर आणि मधे एक म्हातारा मास्तर घामाने निथळत चाळीस गुंड बाद करतोय. मी पडद्याकडे तोंड करून उभी राहिले आणि पोट धरून हसले. मला वाटतं यजमान गेल्यानंतर पहिल्यांदाच. तिकडे तेल धुरावलं. शकुन हाका मारत होती, मला ऐकू आलं नाही.

इंटरव्हल झाली आणि सत्तर माणसं पूर आल्यासारखी कँटीनवर आली. दीड परात दोन मिनिटांत गेली. एकेकाला तीन-तीन हवे. कढईत धुरकट तेल, सारण संपलेलं, शकुन कपाळाला हात लावून. एक पोरगा म्हणाला, "अम्मा, इतने ही बनाए?" मी त्याला काय सांगणार, माझा अंदाज चुकला म्हणून. तीस वर्षांत पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला उपाशी परत पाठवलं. आणि मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटत होत्या, गुडघे नाही म्हणाले म्हणून राहिलं.

पोरांनी फोन लावले. सहाच्या खेळाला आधीपेक्षा चौपट माणसं तिकिटाच्या खिडकीवर, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "मास्साब हैं क्या?"

तोपर्यंत ऑपरेटरने साउंड दुरुस्त केला होता. एक तार निसटली होती. आबासाहेब ऑफिसातून खाली आले, लाल झालेले.

"काकू, मी हा साउंड बसवायला घरातलं काय काय काढलंय तुम्हाला माहीत नाही. आणि ही पोरं म्हणतात, आवाज बंद ठेवा."

"फक्त मारामारीत बंद ठेवा," मी म्हटलं. "गाण्यात वाजवा तुमचा साउंड. हवा तेवढा वाजवा."

"लोक काय म्हणतील? आबासाहेबांचं टॉकीज आणि मास्तर बडबड करतोय."

"लोक काय म्हणतात ते मला माहीत नाही. खुर्च्या काय म्हणाल्या ते सांगू?"

त्यांनी विचारलं, "किती वाजल्या?"

"एकही नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षं त्यांनी माझ्या खुर्च्यांवर विश्वास ठेवला होता, आता माघार घेता येईना. म्हणाले, "बरं. तिवारीजींना माइक द्या."

"थांबा," मी म्हटलं. "आधी त्यांचे पैसे. खेळाच्या आधी, हातात."

तिवारीजी शेजारीच उभे होते. म्हणाले, "भाभीजी, पैसों की बात बाद में."

मी त्यांना म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तुम्ही बोलायचं ते आत. आबासाहेबांनी खिशातून काढून दिले. तिवारीजींनी नोट उजेडात धरून बघितली. त्यांना खोटी वाटली म्हणून नाही. खेळाच्या आधी पैसे कसे दिसतात ते त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत, मी तळत होते. सहा पराती, आठ पराती. बिर्लानगरहून जुने गिरणीवाले बायकांना घेऊन आले. मुरारहून टेम्पो भरून पोरं आली. लीगमधले खेळाडूही आले, आणि तिवारीजींनी गुंडांना त्यांचीच नावं दिली, तर तेच सगळ्यात जास्त हसले. एक दिवस कोचिंगवाले मालक आले. त्या दिवशी तिवारीजींनी व्हिलनला "टीम के मालिक" म्हणायला सुरुवात केली आणि हिरोने त्याला क्रेनवरून फेकला तेव्हा म्हणाले, "किस्त की तारीख़ आ गई." कोचिंगवाले हसले नाहीत. इंटरव्हलला माझ्याकडे आले, दोन समोसे घेतले, आणि तिवारीजींना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. दुसऱ्या दिवसापासून तिवारीजी व्हिलनला नुसता व्हिलन म्हणायला लागले. मी समजले, किस्त आली.

फक्त सक्सेनाजींची पंचाईत झाली. मारामारीत आवाज बंद, त्यामुळे झोप नाही. ते मला म्हणाले, "बहनजी, अब गानों में सोना पड़ता है, और गाने छोटे हैं."

बाराव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. ज्या कंपनीने सिनेमा दिला, तिचा. कडक शर्ट, हातात बॅग. कोणीतरी तक्रार केली होती की ग्वाल्हेरला आमच्या सिनेमाची टिंगल चालली आहे. खेळ थांबवला असता तर दोन आठवडे पुरे झाले नसते, आणि मॅरेज गार्डनवाला बाहेर पानाच्या टपरीवर उभाच होता. तो माणूस कोणाशी न बोलता शेवटच्या रांगेत जाऊन बसला, खिडकीच्या अगदी जवळ.

मी शकुनला म्हटलं, गॅस कमी कर, मला ऐकायचं आहे. हॉलमध्ये तीनशे माणसं होती. मी फक्त एक खुर्ची ऐकत होते. गाणं झालं, खुर्ची वाजली. संवाद झाले, दोनदा वाजली. मारामारी सुरू झाली, साउंड बंद, तिवारीजींचा आवाज सुरू. मी श्वास धरून होते. पहिला गुंड गेला. दहावा गेला. "गॉगल?" "नाबाद." खुर्ची गप्प. विसावा गेला. खुर्ची गप्पच.

मी शकुनला म्हटलं, "गॅस वाढव."

इंटरव्हलला तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा गंभीर. म्हणाला, "ये बिल्कुल ग़लत है."

"हो," मी म्हटलं. "चटणी हिरवी की लाल?"

त्याने तीन समोसे खाल्ले. मग आबासाहेबांना म्हणाला, "आपके साउंड में ख़राबी है. गुरुवार तक ठीक करा लीजिए." गुरुवारी सिनेमा उतरणारच होता. आबासाहेबांना आधी कळलंच नाही, मला समजावून सांगावं लागलं. जाताना तो हळूच विचारून गेला, शेवटपर्यंत गॉगल नाबाद राहतो का. त्याने स्वतःच्या कंपनीचा सिनेमा पुरा पाहिला नव्हता.

गुरुवारी चौदा दिवस पूर्ण झाले. दुपारी आबासाहेबांनी मॅरेज गार्डनवाल्याला ऑफिसात बोलावून चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. तो जाताना माझ्या दाराकडे बघून गेला, जिथे त्याचं चपलांचं स्टँड येणार होतं. मी त्याला कागदात बांधून दोन समोसे दिले. टॉकीज किती वर्षं राहील मला माहीत नाही. शकुनला या दिवाळीला काम आहे, एवढं माहीत आहे. आता कँटीन तिच्याच नावावर केलं आहे. मी खिडकीशी बसते.

त्या गुरुवारी शेवटच्या खेळाला आबासाहेब आले. "काकू, किती?"

"दहा," मी म्हटलं.

ते घाबरले. "उगाच कशाला. आठ तळा."

मी दहाच तळल्या. इंटरव्हलला एक समोसा उरला. तो बशीत घेतला, पदर खोचला आणि हॉलमध्ये जाऊन खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये मी कधी बसले नव्हते. इंटरव्हलनंतर गाणं लागलं, साउंड पूर्ण मोठा. मग हिरो हिरॉइनला आपलं बालपण सांगायला लागला. सिनेमा भिकार होता. तिवारीजींशिवाय तो तीन परातींचाच होता, माझा पहिला अंदाज बरोबर होता. समोसा खाऊन झाला, मी जरा सरकले, आणि माझी खुर्ची वाजली.

मागच्या रांगेतून सक्सेनाजी म्हणाले, "बहनजी, हिलिए मत. मुश्किल से लगी थी."